हजेरी, पोच आणि मजकूर

मुंबई आणि लंडन ही दोन शहरे समुद्रतळावरील तारेने १८७० साली जोडली गेली, आणि जी बातमी जहाजातून यावयास आठवडेच्या आठवडे लागत, ती त्याच दिवशी हाती पडण्याची सोय झाली. त्याच्याही वीस वर्षे आधी डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी कलकत्ता ते डायमंड हार्बर या टापूत तारायंत्राचा प्रयोग आरंभिला होता. १८५५ पासून तारखाते सर्वसामान्य जनतेस खुले झाले. आणि जुलै २०१३ मध्ये सरकारी तारसेवा बंद होईपर्यंत, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे, जन्ममृत्यूच्या, नेमणुका-बदल्यांच्या आणि विवाहाच्या वार्ता या खात्याने देशभर पोचविल्या. तेव्हा आपल्या हातातील फोनवर क्षणात उमटणारा संदेश हा निव्वळ वेगाचा चमत्कार आहे, अशी जी सार्वत्रिक समजूत आहे, ती इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. वेगाचा प्रश्न आपल्या पणजोबांच्या काळातच बहुतांशी सुटला होता. न सुटलेले प्रश्न दुसरेच होते.

तार करणाऱ्या इसमास दोन गोष्टी कधीही ठाऊक नसत. ज्याच्या नावे तार रवाना केली तो या घटकेस घरी आहे की परगावी गेला आहे, हे त्याला कळत नसे. आणि तार त्याच्या हाती पडली की वाटेतच अडकली, हेही उलट वर्तमान येईपर्यंत समजत नसे. यांपैकी दुसऱ्या अडचणीवर खात्याने जबाबी तारेची तजवीज केली होती, मात्र तिच्यासाठी जादा दाम मोजावे लागत. पहिल्या अडचणीवर तर खात्यापाशी कोणताच इलाज नव्हता. आज ज्याला आपण इन्स्टंट मेसेजिंग म्हणतो, आणि ज्याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे व्हॉट्सॲप, ते या दोन अज्ञानांच्या निवारणाचे शास्त्र होय. मजकूर नेण्याचे काम तारेनेही केले. परंतु मजकुराच्या आधी समोरच्याची हजेरी कळविणे आणि मजकुरानंतर त्याची पोच आणून देणे, ही दोन कामे या नव्या साधनाने अंगावर घेतली, आणि त्याचे सारे सामर्थ्य व त्याच्यापासून उद्भवणाऱ्या बहुतेक चिंता याच दोन कामांतून निपजल्या आहेत.

एक यंत्र, अनेक धनी

या विद्येचा उगम दोन दूरस्थ यंत्रांना जोडण्याच्या खटपटीत नसून, एकाच यंत्रापुढे अनेक माणसे बसविण्याच्या खटपटीत आहे. १९६० च्या सुमारास संगणक हे इतके महाग आणि दुर्मिळ साधन होते की एका माणसाने त्याच्यापुढे विचार करीत बसणे ही उधळपट्टी समजली जाई. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली यावर असा तोडगा दाखविला की, यंत्राच्या वेळेचे अतिसूक्ष्म तुकडे करून ते निरनिराळ्या टंकयंत्रांपाशी बसलेल्या माणसांना आळीपाळीने द्यावेत, म्हणजे प्रत्येकास संपूर्ण यंत्र आपल्याच दिमतीस आहे असे भासेल. या व्यवस्थेत सर्वांच्या फाइली एकाच यंत्रात राहू लागल्या, आणि मग एकाने दुसऱ्याच्या नावे निरोप ठेवावा ही कल्पना ओघानेच आली. टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस या दोघांनी १९६५ मध्ये तशी आज्ञावली लिहिली. तो ठेवून दिलेला निरोप होता, म्हणजे टपालाचाच प्रकार, संभाषण नव्हे.

संभाषणाची सामग्री स्पष्टपणे आढळते ती बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडविलेल्या युनिक्स या प्रणालीत. तिची पहिली नियमपुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची आहे. तीत या विषयाशी संबंधित तीन छोट्या आज्ञा सापडतात. पहिली आज्ञा दिली असता या क्षणी यंत्रापुढे कोण कोण बसले आहेत त्यांची यादी मिळे. दुसरीने त्यांपैकी कोणाच्याही पडद्यावर किंवा कागदावर थेट मजकूर उमटविता येई. आणि तिसरीने, मला आता कोणी मजकूर पाठवू नये, अशी मनाई करता येई. हजेरी, संदेश आणि मनाई या तिन्ही गोष्टी आरंभापासून एकत्र होत्या. आज फोनमध्ये ‘ऑनलाइन’ ही अक्षरे, लिहिण्याची चौकट आणि ‘ब्लॉक’ करण्याची सोय दिसते, ती याच त्रयीची वंशज होय.

याच सुमारास इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ या नावाची, मूळ शिक्षणासाठी योजलेली, संगणकव्यवस्था नांदत होती. तिच्यावर १९७३ च्या शरदऋतूत डग ब्राउन आणि डेव्हिड वुली या तरुणांनी ‘टॉकोमॅटिक’ नावाचा कार्यक्रम रचला. त्यात पडद्याचे आडवे भाग पाडलेले असत, प्रत्येक भाग एकेका बोलणाऱ्याच्या मालकीचा असे, आणि पाच जणांपर्यंत मंडळी एका वेळी संवाद करू शकत. विशेष असा की, माणूस जसजसा कळा दाबी तसतसे त्याचे एकेक अक्षर इतरांच्या पडद्यावर उमटत जाई. त्यामुळे त्याने खोडलेला शब्द, मध्येच घेतलेला विराम आणि मोडलेले वाक्य हे सर्व समोरच्यास दिसे. पुढील प्रणालींनी ही रीत सोडली आणि वाक्य पुरे करून पाठविण्याची मुभा लेखकाला दिली. समोरचा लिहीत आहे एवढीच सूचना देणारा जो ‘टायपिंग…’ हा शब्द आज झळकतो, त्यात त्या उघड्या संवादाचे तेवढेच काय ते शेष उरले आहे.

मित्रांची यादी आणि कंपन्यांच्या भिंती

एका यंत्रातील ही मजलस जगभर पसरविण्याचे श्रेय फिनलंडमधील ओउलू विद्यापीठाच्या यार्को ओइकारिनेन यांच्याकडे जाते. ऑगस्ट १९८८ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘इंटरनेट रिले चॅट’ या व्यवस्थेत अनेक सर्व्हर परस्परांशी जोडलेले असत, आणि एका सर्व्हरवरून एखाद्या दालनात लिहिलेली ओळ इतर सर्व सर्व्हरांमार्फत त्या दालनातील प्रत्येकाकडे पोचे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध उठाव झाला, तेव्हा तेथील हालचालींचे वृत्त याच मार्गाने बाहेर येत होते. मात्र ही सभागृहाची रीत होती: दालनात शिरावे, असतील त्यांच्याशी बोलावे, आणि निघून जावे. विशिष्ट स्नेही या घटकेस आहे की नाही, हे घरबसल्या कळविणे हा तिचा मुख्य हेतू नव्हता.

तो हेतू १९९६ च्या नोव्हेंबरात इस्राएलमधील मिराबिलिस या छोट्या कंपनीने पुढे आणला. तिच्या ‘आयसीक्यू’ या कार्यक्रमात प्रत्येक सदस्यास एक क्रमांक मिळे, आणि त्याने निवडलेल्या परिचितांपैकी कोणी इंटरनेटशी जोडला गेला की त्याच्या नावापुढील खूण बदले. लगोलग मे १९९७ मध्ये अमेरिका ऑनलाइन म्हणजे एओएल या कंपनीने आपला मेसेंजर सर्वांस खुला केला. १९९८ साली तिने मिराबिलिसच २८ कोटी ७० लाख डॉलर देऊन खरेदी केली. त्याच वर्षी याहूने आणि १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपापले मेसेंजर बाजारात आणले. त्या काळी पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेत तासाच्या दराने बसून अमेरिकेतील भावंडांशी याहूवर बोललेली पिढी आज पन्नाशीच्या आसपास असेल. या सर्व कार्यक्रमांचे मर्म पडद्याच्या कडेला उभ्या असलेल्या त्या अरुंद यादीत होते. दूरध्वनी उचलून ‘आहेत का?’ असे विचारण्याची गरज तिने नाहीशी केली. उपस्थिती ही विचारावयाची नव्हे, तर दिसावयाची गोष्ट झाली.

परंतु या यादीभोवती प्रत्येक कंपनीने तट उभारला. एओएलच्या सदस्यास याहूच्या सदस्याशी बोलता येत नसे. मायक्रोसॉफ्टने १९९९ च्या उन्हाळ्यात आपल्या मेसेंजरातून एओएलच्या सदस्यांशी संवाद साधण्याची वाट काढली, तेव्हा एओएलने ती बंद केली; मायक्रोसॉफ्टने नवी काढली, तीही बंद झाली; आणि काही महिने चाललेल्या या चढाओढीचा शेवट मायक्रोसॉफ्टने माघार घेण्यात झाला. ज्या कोणाच्या यादीत आपले सर्व आप्तमित्र आहेत त्याला ती यादी सोडून जाता येत नाही, हे व्यापाऱ्यांस त्याच वेळी उमगले होते. या तटबंदीला उत्तर म्हणून जेरेमी मिलर या अमेरिकन तरुणाने या चढाओढीच्या आधीच, जानेवारी १९९९ मध्ये, ‘जॅबर’ ही योजना जाहीर केली होती. ईमेलमध्ये जसा कोणीही आपला सर्व्हर चालवितो आणि तरीही सर्वांना परस्परांशी पत्रव्यवहार करता येतो, तशीच मोकळीक संभाषणातही असावी, हा तिचा आशय. २००४ मध्ये तिला ‘एक्सएमपीपी’ या नावाने इंटरनेटच्या मानकाचा दर्जा मिळाला. गूगलने २००५ मध्ये आपली टॉक ही सेवा याच मानकावर उभारली खरी, पण २०१३ मध्ये नवी सेवा आणताना इतर सर्व्हरांशी असलेले दळणवळण तिने पुढे चालविले नाही. मोकळीक मानकात राहिली, आणि व्यवहारात तटच टिकले.

खिशातील संदेश

संगणकासमोरून माणूस उठला की त्याची हजेरी संपत असे. हे बंधन फोनने तोडले. मोबाइलच्या जाळ्यात फोन आणि मनोरा यांच्यामध्ये, संभाषण चालू असो वा नसो, व्यवस्थेपुरते सूक्ष्म संकेत सतत जात-येत असतात. त्या संकेतांच्या मार्गावर मोकळी राहणारी जागा छोट्या मजकुरासाठी वापरावी, ही कल्पना युरोपातील तज्ज्ञांनी, विशेषतः फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी, १९८५ च्या सुमारास पक्की केली, आणि ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या अभियंत्याने नाताळच्या शुभेच्छांचा पहिला एसएमएस पाठविला. ही जागा मुळातच अपुरी, केवळ १४० बाइटची. रोमन अक्षरे सात-सात बिटांत बसविली तर तीत १६० अक्षरे मावतात. देवनागरीसाठी मात्र प्रत्येक चिन्हास सोळा बिट लागत असल्याने अवघी ७० चिन्हे मावतात, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी व अनुस्वार यांचीही स्वतंत्र गणना होते. मराठी माणसाने दीर्घकाळ आपली भाषा रोमन लिपीत लिहिली, त्याला फोनच्या कळफलकाची गैरसोय जशी कारण झाली, तसा हा हिशेबही कारण झाला. त्यातून प्रत्येक संदेशास पैसे पडत. दिवाळी आणि नववर्ष अशा दिवशी तर सवलतीच्या योजना स्थगित ठेवून कंपन्या पुरा दर आकारीत.

फोनवर इंटरनेट आले आणि हा हिशेबच निरर्थक ठरला. याहूतील नोकरी सोडलेल्या यान कूम आणि ब्रायन ॲक्टन या दोघांपैकी कूम यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये कॅलिफोर्नियात व्हॉट्सॲप ही कंपनी नोंदविली. कूम हे युक्रेनमध्ये वाढलेले आणि १९९२ मध्ये आईसमवेत अमेरिकेत आलेले गृहस्थ. त्यांची मूळ कल्पना संदेशाची नव्हतीच. आपल्या फोनमधील नावांपुढे तो तो मनुष्य ‘कामात आहे’, ‘बॅटरी संपत आली आहे’ अशी आपली स्थिती लिहून ठेवील, एवढाच तिचा व्याप होता. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ॲपलने बंद असलेल्या ॲपलाही सूचना मिळण्याची सोय केली, आणि स्थिती बदलली की सर्व मित्रांना वर्दी जाऊ लागली. मित्रांनी तीच स्थिती परस्परांना निरोप देण्यासाठी वापरावयास आरंभ केला, आणि कूम यांनी हे ओळखून संदेशाची सोय केली. हजेरीच्या नोंदवहीतून संभाषण जन्मास आले, असे हे विलक्षण पण सयुक्तिक वळण आहे. दुसरे चातुर्य असे की नवे नाव, नवा क्रमांक वा परवलीचा शब्द न मागता फोनचा क्रमांक हीच ओळख ठरविली गेली, आणि फोनमधील नोंदी हीच मित्रयादी झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी १९ अब्ज डॉलरांस घेण्याचे जाहीर केले, तेव्हा तिचे दरमहाचे वापरकर्ते सुमारे ४५ कोटी आणि नोकर सुमारे ५५ होते. भारतात सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, आणि शहरांपुरता असलेला हा प्रघात वाडीवस्तीपर्यंत गेला.

एका ओळीचा प्रवास

कोल्हापुरातील एखाद्या मातेने न्यू जर्सीतील आपल्या कन्येस ‘पोचलीस का?’ एवढीच ओळ लिहिली, असे समजू. कळ दाबताच तो मजकूर थेट कन्येच्या फोनकडे धाव घेत नाही, कारण तो फोन कोठे आहे, चालू आहे की बंद, हे आईच्या फोनला ठाऊक नसते. मजकूर जातो तो कंपनीच्या सर्व्हरकडे. सर्व्हरचे काम कचेरीतील आवक-जावक कारकुनासारखे आहे: आलेल्या लिफाफ्यावर क्रमांक घालावा, पोच द्यावी, ज्याचे आहे तो जागेवर असेल तर त्याच्या हाती द्यावे, नसेल तर खणात ठेवावे, आणि दिल्यानंतर खण रिकामा करावा. आईच्या फोनने संदेशाला अगोदरच एक अनन्य क्रमांक दिलेला असतो. सर्व्हरने तो स्वीकारल्याचे कळविले की तिच्या पडद्यावर पहिली टिक उमटते. ही पोच आली नाही तर फोन तोच संदेश पुन्हा पाठवितो, आणि चुकून दोन प्रती गेल्याच तर क्रमांक एकच असल्यामुळे दुसरी प्रत रद्द केली जाते. बसमधून जाताना नेटवर्क तुटले आणि जुळले तरी ओळ दुबार का दिसत नाही, याचे रहस्य एवढेच.

आता कन्येची हजेरी. ॲप उघडे असताना तिचा फोन सर्व्हरशी एक जोडणी सतत तेवती ठेवतो, आणि ती जिवंत असल्याची खात्री पटविणारे क्षुद्र संकेत ठराविक वेळाने जात राहतात. कोट्यवधी फोनांच्या अशा जोडण्या एकाच वेळी सांभाळणे हे या धंद्यातील खरे अवघड काम. व्हॉट्सॲपने त्यासाठी स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८० नंतरच्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी निर्माण झालेली ‘एरलँग’ ही संगणकभाषा योजिली, आणि २०१२ च्या आरंभी आपल्या एकेका यंत्रावर वीस लाखांहून अधिक जोडण्या टिकविल्याचे जाहीर केले. परंतु प्रत्येक ॲपने अशी स्वतःची जोडणी अखंड ठेवली तर फोनची बॅटरी दुपारीच आटोपेल. म्हणून ॲप झोपलेले असताना ॲपल किंवा गूगल यांची एकच सामाईक जोडणी जागी राहते. व्हॉट्सॲपचा सर्व्हर त्यांना वर्दी देतो, ते फोनला जागे करतात, आणि मग ॲप उठून आपला संदेश घेऊन येते. फोन बंदच असेल तर संदेश सर्व्हरवर तीस दिवसांपर्यंत थांबतो आणि नंतर काढून टाकला जातो.

कन्येच्या फोनने संदेश घेतला की तो उलट पोच धाडतो, आणि आईस दुसरी टिक दिसते. तिचा अर्थ संदेश फोनपर्यंत आला एवढाच. तो वाचला असा नव्हे. वाचल्याची निळी खूण नोव्हेंबर २०१४ मध्ये आली, आणि तिने घराघरांत इतके रुसवेफुगवे निर्माण केले की ती बंद करण्याची सोय लगेचच द्यावी लागली. मात्र जो स्वतःची निळी खूण लपवितो त्यास इतरांचीही दिसत नाही, ही त्यातील न्याय्य अट. या सर्व घालमेलीस लागणारा वेळ पाहावा तर मुंबई आणि न्यूयॉर्क यांमधील सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर, आणि काचतंतूतील प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर. म्हणजे निसर्गनियमाने सेकंदाचा सोळावा भाग तरी लागणारच. प्रत्यक्ष केबलांचा मार्ग वळणावळणाचा असल्यामुळे त्याहून काही अधिक लागतो. बाकी जो विलंब आपणांस भासतो तो समुद्राचा नव्हे. तो घरातील वाय-फायचा, गर्दीच्या मनोऱ्याचा आणि झोपलेल्या फोनचा होय.

कुलूप आणि त्याची मर्यादा

तारमास्तर तार वाचीत असे, त्याशिवाय ती पाठविताच येत नसे. नव्या व्यवस्थेतही प्रदीर्घ काळ सर्व्हरला मजकूर वाचता येत होता. त्यास कुलूप घालावयाचे तर किल्ली म्हणून एक गुप्त संख्या फक्त दोन टोकांच्या माणसांस ठाऊक हवी. दोन अनोळखी माणसांनी, सर्व जग ऐकत असताना, एक गुप्त संख्या कशी ठरवावी, या प्रश्नाचे उत्तर व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले, आणि ते शालेय अंकगणितात मांडता येते. दोघांनी उघडपणे २३ आणि ५ या संख्या ठरविल्या. एकीने मनात ६ धरले, ५ चा सहावा घात म्हणजे १५,६२५ काढला, त्यास २३ ने भागले, आणि उरलेली बाकी ८ उघड सांगितली. दुसरीने मनात १५ धरले, तोच विधी केला, आणि तिची बाकी १९ आली. आता पहिलीने १९ चा सहावा घात काढून २३ ने भागावे, बाकी २ येते. दुसरीने ८ चा पंधरावा घात काढून २३ ने भागावे, बाकी पुन्हा २ च येते. ही २ ही संख्या कोणी उच्चारली नाही, तरी ती दोघींपाशी आली. प्रत्यक्षात संख्या शेकडो बिटांच्या असतात, व्हॉट्सॲपमध्ये गणितही या तत्त्वावर आधारलेले पण निराळ्या प्रकारचे असते, आणि उघड सांगितलेल्या बाकीवरून मनातली संख्या शोधणे कोणत्याही ज्ञात यंत्रास व्यवहारतः अशक्य ठरते.

यात एक अडचण मात्र होती: हा विधी पुरा होण्यास दोघांनी एकाच वेळी हजर असावे लागते, आणि मेसेजिंगमध्ये तर दुसरा बहुधा झोपलेला असतो. मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी २०१३ पासून विकसित केलेल्या ‘सिग्नल’ पद्धतीत यावर असा उपाय आहे की, ॲप प्रथम सुरू होताच फोनने अशा अनेक उघड संख्या आगाऊ सर्व्हरवर ठेवून द्याव्यात. पाठविणाऱ्याने त्यांतील एक उचलावी आणि समोरच्याची वाट न पाहता कुलूप तयार करावे. पुढे प्रत्येक संदेशागणिक किल्ली बदलत जाते आणि जुनी नष्ट केली जाते, त्यामुळे एखादी किल्ली चोरीस गेली तरी मागचा सारा पत्रव्यवहार उघडा पडत नाही. व्हॉट्सॲपने ही पद्धत एप्रिल २०१६ मध्ये आपल्या शंभर कोटींहून अधिक वापरकर्त्यांसाठी पूर्णपणे लागू केली, आणि त्या दिवसापासून सर्व्हरच्या हाती उरला तो बंद लिफाफा.

या बंद लिफाफ्याची दुसरी बाजू महाराष्ट्राने फार जवळून पाहिली आहे. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा फोनाफोनांतून पसरत असताना, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा जमावाने बळी घेतला. कंपनीस अफवेचा मजकूर वाचता येत नव्हता, म्हणून तिने मजकुराऐवजी त्याच्या चालीवर बंधन घातले: पुढे ढकललेल्या संदेशास तशी चिठ्ठी लावली, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश ढकलण्याची मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये अनेकदा ढकलल्या गेलेल्या संदेशास एकाच ठिकाणाची मुभा ठेवली. केंद्र सरकारने २०२१ च्या नियमांत, विशिष्ट आदेश असल्यास संदेशाचा मूळ कर्ता शोधून द्यावा, असे मोठ्या सेवांवर बंधन घातले. असे करावयाचे तर प्रत्येक संदेशाचा माग ठेवावा लागेल आणि कुलपालाच अर्थ उरणार नाही, या कारणास्तव व्हॉट्सॲपने त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

त्याचा विचार करताना सामान्य नागरिकाने एक भेद ध्यानी ठेवावा. कुलूप पडले ते मजकुरास. हजेरीस आणि पोचेस ते पूर्णपणे पडू शकत नाही, कारण कोणाचा लिफाफा कोणास द्यावयाचा आणि तो जागा आहे की नाही, हे वाहकास कळल्यावाचून टपाल चालणारच नाही. कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळा बोलतो, या नोंदींचे दप्तर मजकुराइतकेच बोलके असते. मध्यरात्री वकिलास, पहाटे रुग्णालयास आणि सकाळी विमा कंपनीस गेलेले तीन संदेश न वाचताही बरेच काही सांगून जातात. परंतु कळणे निराळे आणि साठविणे निराळे. सिग्नल या सेवेकडे २०१६ मध्ये अमेरिकेतील एका ग्रँड ज्युरीने वापरकर्त्यांची माहिती मागितली, तेव्हा खाते केव्हा उघडले आणि ते सर्व्हरशी शेवटचे केव्हा जोडले गेले, या दोन तारखांपलीकडे तिच्यापाशी देण्यासारखे काही नव्हते. आणि तरीही तिचे संदेश बिनदिक्कत पोचत होते. तेव्हा संदेश पोचविण्यास जेवढे कळणे अपरिहार्य आहे तेवढेच वाहकास कळावे, आणि काम झाल्यावर तेही त्याने विसरावे, ही मागणी अव्यवहार्य नाही; तिची पूर्तता करून दाखविली गेली आहे. नव्या कायद्याची असो वा नव्या ॲपची, परीक्षा करावयाची ती याच मापाने.